पहिला डोंगर आणि मागे पडायची भीती

पत्र: माझं वय ३४, काम दिवसभर खुर्चीत बसून. जुन्या मित्रमैत्रिणींचा चौघांचा गट तीन आठवड्यांनी एका डोंगरावर जाणार आहे, आणि या वेळी मलाही ओढलंय. जाऊन-येऊन १४ किलोमीटर, पायथ्यापासून ९०० मीटर चढ, माथ्याची उंची १९०० मीटर, एवढं त्यांनी कळवलंय. सकाळी नऊला निघू, पाच तासांत खाली, असं म्हणतात. ते चौघे नेहमी जातात. मी कधीच चढलेली नाही. एक मैत्रीण तिचे सहा वर्षांपूर्वीचे, जवळजवळ न वापरलेले ट्रेकिंगचे बूट देते म्हणाली, मापही जुळतं. ते घेऊ की नवीन? पण खरी भीती ही, की माझ्यामुळे सगळे रखडतील. म्हणून कितीही दमले तरी बोलायचं नाही असं ठरवलंय. चालेल ना? – मागे पडणारी

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो. बोलायचं नाही हे चालणार नाही. बाकी सगळं जमण्यासारखं आहे. डोंगरात बारीकसारीक तक्रारी लवकर सांगितल्या की स्वस्तात मिटतात. पहिल्या तासात टाच हुळहुळायला लागली तर पाच मिनिटं थांबून पट्टी लावली की काम झालं. तेच दाबून ठेवलं तर तिसऱ्या तासाला फोड येतो, फोड सांभाळायला पाऊल वाकडं पडतं, आणि उतारावर गुडघा बोलायला लागतो. तेव्हा मात्र खरंच सगळे रखडतात. हळू चालणारा माणूस असला म्हणून गट अडचणीत येत नाही. त्याचा वेग न धरता आखलेलं वेळापत्रक गटाला अडकवतं. तेव्हा आधी तो हिशेबच करू या.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक ठोकताळा अजूनही वापरात आहे: अंतराच्या दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. (मूळ नियम मैल-फुटांत आहे, हे त्याचं गोळाबेरीज रूप.) तुमच्या डोंगराला लावून बघा. १४ किलोमीटरचे २ तास ४८ मिनिटं, ९०० मीटरचा दीड तास, एकूण ४ तास १८ मिनिटं. मित्रांचे ‘पाच तास’ असेच कुठून तरी आलेले असणार. पण हा ठोकताळा सरावाच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. त्यात बसणं नाही, खाणं नाही, फोटो नाहीत, आणि उतार जणू सपाट रस्ताच धरलाय.

नवख्या माणसासाठी चालण्याचा वेळ दीडपट धरावा. वर जाताना ७ किलोमीटर आणि ९०० मीटर, म्हणजे २ तास ५४ मिनिटं. दीडपट केले की ४ तास २० मिनिटं. त्यात थांबे मिळवून पाच तास. माथ्यावर अर्धा तास. उतरताना हिशेबाने दोन तास येतात, पण खडबडीत वाटेवर न सरावलेल्या पायांना तीन लागतात. एकूण साडेआठ तास. नऊला निघालात तर साडेपाचला खाली. सूर्यास्त साडेसहाच्या आसपास असेल तर हाताशी तासभर उरतो, आणि एक मुरगळलेला घोटा तो तास सहज खाऊन टाकतो. सातला निघालात तर हीच चाल साडेतीनला संपते. दोन तास लवकर उठल्याने तुमची निम्मी भीती जाईल, कारण मग तुमच्या हळू चालण्याला दिवसात जागा असेल.

आणखी एक वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवा: परत फिरायची. सातला निघणार असाल तर दुपारी एक. एक वाजता जिथे असाल तिथून मागे वळायचं, माथा डोळ्यांसमोर असला तरी. हे आधीच ठरवायचं कारण असं की दमलेल्या डोक्याला ‘आता फक्त वीस मिनिटं’ हे नेहमीच खरं वाटतं. शिवाय डोंगर खोटे माथे दाखवतो. खालून जो शेवटचा उंचवटा दिसतो, त्याच्यामागे बहुतेक वेळा आणखी एक असतो.

हे मित्रांना सांगायचं कसं? आजच, लिहून. आयत्या वेळी धापा टाकत सांगितलं की ती तक्रार वाटते. मसुदा असा घ्या: “मी पहिल्यांदाच चढतेय. माझ्या वेगाने हिशेब केला तर साडेआठ तास होतात, म्हणून सातला निघू या का? एकपर्यंत माथा नाही आला तर तिथूनच परत. मला दुसऱ्या नंबरवर चालू द्या आणि एकाने कायम सगळ्यांच्या मागे राहा.” यावर कुणी “अगं, काही होत नाही” एवढंच म्हणाला, तर त्याला पुन्हा एकदा विचारा: सात की नऊ? नऊवरच अडून बसले, तर त्यांना सांगून टाका की मी अर्ध्या वाटेपर्यंत येईन आणि एका सोबत्याबरोबर परत फिरेन. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा नंबर मुद्दाम सांगितलाय. सगळ्यात हळू माणूस शेवटी असला की नेहमी एकच प्रकार घडतो. पुढचे भराभर जातात, वळणावर दहा मिनिटं बसतात, पाणी पितात. शेवटचा पोचतो तेव्हा “चला, आली” म्हणून उठतात. ज्यांना गरज नव्हती त्यांना विश्रांती मिळाली, जिला हवी होती तिला शून्य. दिवसभर असं झालं की ती दमणारच, आणि सगळे म्हणणार, तिला सवय नाही. वाट माहीत असलेला पुढे, त्याच्यामागे तुम्ही, सगळ्यात शेवटी दुसरा अनुभवी माणूस. आणि थांब्याची वेळ शेवटचा माणूस टेकल्यापासून मोजायची.

आता बूट. मैत्रिणीचे ते बूट नम्रपणे परत करा, कितीही नवे दिसोत. बुटाचं कातडं किंवा कापड आणि खालचा रबरी तळवा यांच्यामध्ये फेसासारखा मऊ थर असतो. बऱ्याच ट्रेकिंग बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प हळूहळू त्या थराची रासायनिक बांधणी तोडत राहतं. बूट कपाटात आहे की पायात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वरून बूट कोरा करकरीत दिसतो, आणि चालायला लागल्यावर दोन-तीन तासांत तळवा टाचेकडून सुटून जबड्यासारखा उघडतो. बहुतेकदा एकाचा सुटला की थोड्या वेळाने दुसऱ्याचाही सुटतो, कारण दोन्हींचं वय तेच. तुमच्या मित्रांनाही त्यांचे बूट तपासायला सांगा. तळव्याच्या वरची कड अंगठ्याने जोरात दाबा, बूट पुढून वाकवा, आणि भिंग घेतल्यासारखं जवळून बघा. बारीक भेगा, चिकटपणा, किंवा नखाने खरवडल्यावर भुगा पडत असेल तर तो बूट बाद. सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीभोवती दोन-तीन मीटर डक्ट टेप गुंडाळून ठेवा. सुटलेला तळवा बांधून खाली उतरण्यापुरता तो टिकतो.

नवीन घ्यायचे तर याच दोन-तीन दिवसांत घ्या. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि डोंगरावरही सुजणार आहेत. जे मोजे डोंगरावर घालणार तेच घालून बूट चढवा. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टेकवा. टाचेमागे एक बोट शिरलं पाहिजे. मग नाड्या बांधून उतरत्या फळीवर किंवा पायरीच्या कडेवर पाय खाली करून उभ्या राहा. बोटं पुढे आपटली तर अर्ध्या मापाने मोठा बूट बघा. चढताना छोटा बूट लक्षात येत नाही. तो उतारावर कळतो, काळ्या पडलेल्या नखांमधून. टाच मात्र चालताना वर उचलली जाता कामा नये. पाय जिथे घासतो तिथेच फोड येतो.

एवढ्या वाटेला घोट्याच्या वर जाणारे भारी बूट लागतातच असं नाही. वाट मळलेली असेल आणि तुमच्याकडे खोल खाचांचे, पायात मुरलेले धावण्याचे बूट असतील तर तेही चालतील. गुळगुळीत तळव्याचे मात्र नकोत. नवे घेतलेत तर पहिले दोन दिवस घरात तासभर, मग रस्त्यावर ४-५ किलोमीटर, मग जिन्यावर, अशी सवय करा. डोंगराच्या दिवशी पहिल्यांदा पायात घातलेले बूट आणि सुती मोजे ही फोड आणायची खात्रीची जोडी आहे. सुती कापड घाम धरून ठेवतं, ओली त्वचा मऊ होते आणि तिच्यावर घर्षणही वाढतं. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या, एक जास्तीचा जोड सॅकमध्ये ठेवा. नखं तीन-चार दिवस आधीच सरळ रेषेत कापा. आदल्या रात्री कापली तर कडा टोचतात.

हुळहुळलं की काय करायचं, ते नीट सांगतो, कारण हे बहुतेक जण घाईत करतात. बूट आणि मोजा काढा. मोज्याला चुणी पडलीय का, खडा शिरलाय का ते बघा. त्वचा पूर्ण कोरडी करा. ओल्या त्वचेवर पट्टी दहा मिनिटंही टिकत नाही. झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी लाल जागेपेक्षा सगळ्या बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठी कापा आणि तिचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा मोज्यात अडकून गुंडाळला जातो आणि मग तोच टोचतो. सुरकुती न पडू देता चिकटवा, हाताने अर्धा मिनिट दाबून गरम करा, मग मोजा घाला. फोड आधीच आलेला असेल तर फोडू नका. फोडाएवढं भोक पाडलेली जाड पट्टी भोवती लावा, म्हणजे दाब कडेवर जातो.

तीन आठवड्यांत दमसास फार वाढणार नाही, पण पायांची तयारी होते, आणि तीही अशा जागी जिथे कुणी लक्ष देत नाही: जिना उतरण्यात. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, ब्रेकसारखा. न सरावलेल्या स्नायूला या ब्रेक लावण्याने बारीक इजा होतात. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणं नको होतं. गंमत अशी की हाच त्रास एकदा थोड्या प्रमाणात सोसला की पुढचे काही आठवडे तो स्नायू बराच सावरलेला राहतो. म्हणून लिफ्टने खाली येऊ नका. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड १० मजले चढ-उतार, दुसऱ्यात २०-२५, आणि त्यात दोनदा पाठीवर ४ किलो वजन (पाण्याच्या बाटल्या सगळ्यात सोप्या). तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला एकदा ४० मजले, सावकाश. एक मजला साधारण ३ मीटर धरला तर तुमचा डोंगर ३०० मजल्यांचा आहे. तो आकडा बघून दचकू नका, घरी तेवढं करायची गरज नाही. शेवटचे तीन दिवस फक्त साधं चालणं. आणि एक रविवार सलग दोन-अडीच तास चालायला ठेवा, तेच बूट, तीच सॅक घेऊन. काय टोचतंय, कुठे घासतंय, ते रस्त्यावरच कळू दे. गुडघ्याचं, हृदयाचं, दम्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र जिन्याच्या आधी डॉक्टर.

सॅक २० ते २५ लिटरची पुरते. भरून ५-६ किलोच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्यातलं निम्मं किंवा जास्त वजन पाण्याचंच असेल. साडेआठ तासांच्या चालीला तीन ते चार लिटर निघताना घ्या. वाटेत पिण्याजोगं पाणी खात्रीने मिळणार असेल तरच कमी. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर. तळाशी ठेवल्या तर सॅक मागे खेचते, आणि उतारावर तोल जातो. कंबरपट्टा असेल तर तो पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसवा. मोबाइलचा उजेड आहे म्हणून डोक्याला लावायची बॅटरी घरी ठेवू नका: मोबाइल हातात धरला की एक हात गेला, आणि ज्या मोबाइलवरून मदत मागायची तोच रिकामा झाला. बॅटरी प्रत्येकाकडे हवी, पाच जणांत एक नव्हे. शिटी, उष्णता धरणारी चंदेरी पातळ चादर, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, रोजची औषधं, कचऱ्यासाठी पिशवी. एवढं पावशेरातही बसतं.

कपड्यांत सुती टी-शर्ट आणि जीन्स दोन्ही टाळा. भिजल्यावर वाळत नाहीत, आणि माथ्यावर वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेतात. हवेचं तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे तुमचा माथा पायथ्यापेक्षा साधारण सहा अंशांनी थंड, वारा वेगळाच. अंगाला लागून घाम सोडणारा पातळ शर्ट, त्यावर उबेचा एक थर, आणि वारा-पाऊस अडवणारं जाकीट. वापरायची रीत थोडी उलटी आहे. निघताना पहिली दहा मिनिटं किंचित थंडी वाजली पाहिजे. गरम कपडे घालून निघालात की पहिल्याच चढावर घामाने भिजाल. थांबल्यावर मात्र लगेच जाकीट चढवायचं, थंडी वाजायची वाट न बघता.

वेग कसा ओळखायचा? बोलून. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन-दोन शब्दांवर धाप लागत असेल तर जास्त. पहिली वीस मिनिटं मुद्दाम कंटाळवाण्या वेगाने चाला. शरीर तापायला वेळ लागतो, आणि नवखी माणसं नेमकी इथेच, गटासोबत राहायच्या नादात, दिवसाची शिदोरी उधळतात. वीस मिनिटांनी पहिला छोटा थांबा: नाड्या पुन्हा आवळा, एक कपडा उतरवा. मग दर तासाला पाच ते दहा मिनिटं. त्याहून जास्त बसलात तर पाय आखडतात. उभ्या चढावर पावलं लहान टाका आणि दर पावलाला मागचा पाय क्षणभर सरळ, ताठ ठेवा. तेवढ्या क्षणात भार हाडांवर जातो आणि मांडीला सुट्टी मिळते. बघायला चेष्टेचं वाटतं, पण या चालीने माणूस तासन्‌तास चढतो.

पाणी तहानेच्या आधीपासून, थोडं थोडं: तासाला अर्धा लिटर हा सर्वसाधारण अंदाज, उन्हात जास्त. पण भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसू नका. घामावाटे मीठ जात असतं, आणि नुसतं पाणी भरत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ ही त्याची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, मग माणूस आणखी पाणी पितो. बरोबर खारं काही खाल्लं की हे टळतं. एका बाटलीत ओआरएस असू द्या. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खाणं दर तासाला दोन-चार घास. सगळं माथ्यावर एकदम खाल्लं तर पोट जड, आणि पुढे तीन तास उतार.

उताराबद्दल मित्रांनी तुम्हाला काही सांगितलेलं दिसत नाही. सगळे चढाची भीती घालतात, कारण तिथे दम लागतो. घसरतात ते मात्र उतरताना, दमलेल्या पायांनी, लक्ष घराकडे लागलेलं असताना. माथ्यावरून निघण्याआधी नाड्या नव्याने बांधा: चढताना घोट्याशी थोड्या सैल होत्या, आता टाच मागे ठोकून बसवा आणि घोट्याजवळ घट्ट आवळा, म्हणजे पाऊल पुढे सरकणार नाही. मग गुडघे जरासे वाकलेले, पावलं लहान, तळवा पूर्ण टेकलेला. भीतीने शरीर आपोआप मागे झुकतं, आणि नेमकं त्यानेच घसरायला होतं: वजन टाचेवर जातं, तळव्याच्या खाचा जमीन धरत नाहीत, पाय पुढे पळतो. नाक बुटाच्या टोकाच्या वर राहील इतकं पुढे या. पटणार नाही, म्हणून आधी कमी उतारावर करून बघा.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे घट्ट कातळावर किंवा टणक मातीवर पसरलेली बारीक खडी. ती पायाखाली छऱ्यांसारखी फिरते. तिथे पाऊल खडीवर न टाकता मध्ये वर आलेल्या दगडावर किंवा गवताच्या बुंध्याशी टाका. ओलं मूळ आणि शेवाळलेला दगड यांच्यावर पाय टाकूच नका. काठ्या असतील तर सपाटीला कोपर काटकोनात येईल इतकी लांबी ठेवा, उतारावर ५-१० सेंटिमीटर वाढवा. गुडघ्यांचा बराच भार त्या घेतात. घसाऱ्यावर एकाखाली एक सरळ रेषेत चालू नका. दगड सुटला तर तो ओरडून सांगायचा, तो कुणाच्याही पायाने सुटलेला असो. नागमोडी वाटेची वळणं कापून सरळ उतरायचा मोह मित्रांना होईल. ते गेले तरी तुम्ही वाटेनेच या.

हवामानाचं थोडक्यात. आदल्या संध्याकाळी आणि निघताना, दोनदा अंदाज बघा, आणि तो माथ्यासाठीचा बघा. तापलेली हवा वर सरकून डोंगरावर ढग दुपारीच उभे राहतात, लवकर निघण्याचं हेही एक कारण. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ जात असेल तर ती १० किलोमीटरच्या आत आहे: धार आणि माथा सोडा, एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीत उभ्या राहू नका, एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा वर जायचं नाही. विरळ हवेची काळजी या डोंगराला नको. तो त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो.

वाट चुकल्यासारखं वाटलं की थांबा. ‘पुढे कुठेतरी मिळेल’ म्हणून चालत राहिलात की चूक दर मिनिटाला मोठी होते. शेवटची खात्रीची खूण आठवा आणि तिथवर मागे जा. ओढा धरून खाली उतरू नका. पाणी कड्यावरूनही उडी मारतं, आपल्याला मारता येत नाही. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते उपग्रहांचे संकेत फक्त घेतं, म्हणून मोबाइल विमान-मोडवर ठेवूनही तुमची जागा नकाशावर दिसते आणि बॅटरी दिवसभर पुरते. मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा; उत्तर मिनिटाला तीन शिट्यांचं. काही देशांत हाकेलाही तीनच वापरतात, तेव्हा तीन ऐकल्या तरी दुर्लक्ष करू नका. फोन लागत नसेल तरी एसएमएस कधी कधी जातो.

घोटा मुरगळला आणि त्यावर चार पावलंही भार देता येत नसेल तर ओढत नेऊ नका, बसवा, चंदेरी चादर गुंडाळा आणि मदत बोलवा. बूट शक्यतो काढू नका. सुजलेला पाय पुन्हा आत जात नाही. घरी कुणाकडे तरी लिहून ठेवा: कुठली वाट, कोण कोण, गाडी कुठे, परत कधी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. खाली आल्यावर त्या माणसाला आधी फोन करा, हे बरेच जण विसरतात आणि शोधाशोध सुरू होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सगळ्यात जास्त दुखतील. हलकं चालत राहिलं की चार-पाच दिवसांत जातं. दुखणं असह्य असेल, स्नायू सुजले असतील आणि लघवी काळपट तपकिरी झाली असेल तर वाट न बघता डॉक्टर गाठा. बूट ओले असतील तर आतला तळ काढून त्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, सावलीत ठेवा आणि बोळे बदलत राहा. शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर ठेवलेत तर तळव्याचा गोंद सुटतो.